शाळेची तूट कुणाच्या पदरातून?

(तालुक्यातील महिला मंडळे, बचत गट आणि शाळा व्यवस्थापन समित्यांवरील सदस्य बायका यांच्या मे महिन्यातील शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

पत्रिकेवर माझ्या विषयाचे नाव 'शाळेची तयारी आणि अंदाजपत्रक' असे छापले आहे. अंदाजपत्रक हा शब्द वाचून मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी चहाला उठावे की काय असा विचार करताहेत, ते मला इथून दिसते आहे. बसा. हा विषय तुमचाच आहे. या मंडपात अशी एकही बाई नाही, जिने या पंधरवड्यात अंदाजपत्रक केलेले नाही.

मी माझे सांगते. रेशनकार्डाच्या पिशवीत एक जुनी वही आहे, तिच्या शेवटच्या पानावर मे महिन्यात मी यादी करते. वह्या एक डझन. दप्तराची चेन बसवायची. पावसाळी चपला दोन जोड. छत्री एकच, दोघांत मिळून. खाली बियाणे, खताच्या गोण्या, छपरावर टाकायचा कागद. जून महिना शेतकऱ्याच्या घरात असा येतो की शाळा आणि पेरणी एकाच दारातून आत शिरतात आणि घरात पैसा असतो एकीपुरता. मग यादीवर काट मारायची. काट कुठे पडते? आधी माझ्या चपलांवर, मग मुलीच्या दप्तरावर, "याच वर्षी ओढ ग, पुढच्या वर्षी नवीन घेऊ". मुलाच्या इंग्रजी शाळेच्या फीवर काट मारायला मात्र कुणाचा हात होत नाही. माझासुद्धा झाला नव्हता. हे मी इथे कबूल करते, कारण आज जे बोलायचे आहे ते इथूनच सुरू होते.

आता दुसरे अंदाजपत्रक बघू. ते शाळेचे. ते आपण पाहिलेले नसते.

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वाडीवरच्या शाळेतून निरोप येतो. शाळा उघडायची आहे, बायकांना पाठवा. आम्ही जातो. वर्ग झाडतो, कौलांतून गळलेले पाणी पुसतो, टाकी घासतो, व्हरांडा सारवून रांगोळी काढतो. पहिल्या दिवशी नव्या मुलांना ओवाळायलाही आम्हीच. २०२२ पासून 'पहिले पाऊल' नावाचा शाळापूर्व तयारीचा मेळावा सुरू झाला, तेव्हापासून माता गटही झाले. मुलाकडून घरी काय करून घ्यायचे ते आयांना सांगतात. चांगली गोष्ट आहे, मी नावे ठेवत नाही. पण एवढ्या वर्षांत एकदाही असा निरोप आला नाही की, बायांनो, शाळेला यंदा किती पैसे आले आणि ते कुठे गेले हे पाहायला या.

आणि गंमत अशी की कायद्याने आपल्याला बोलावणे आहे ते नेमके त्याच कामाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातले २१ वे कलम सांगते की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. समितीची कामे त्यात दिली आहेत : शाळेच्या कारभारावर देखरेख, शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि सरकारकडून येणाऱ्या अनुदानाचा वापर नीट होतो का ते पाहणे. झाडणे आणि सारवणे त्यात नाही. मी दोन वर्षे त्या समितीची सदस्य होते. दोन वर्षांत माझ्या सह्या अकरा ठरावांवर झाल्या, त्यातल्या नऊ माझ्या ओट्यावर झाल्या. रजिस्टर घरी यायचे. "ताई, इथे सही करा." मी पदराला हात पुसून सही करायची. काय ठराव आहे हे विचारायची मला लाज वाटायची आणि वाचून दाखवायची त्यांना घाई असायची.

बाराव्या वेळी मी म्हटले, आधी वाचू द्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की शाळेला पैसे किती मिळतात. तेच आता तुम्हाला सांगते. आकडे आहेत, पण वाणसामानाच्या यादीपेक्षा अवघड नाहीत.

जिल्हा परिषदेच्या शाळेला वर्षभराच्या किरकोळ खर्चासाठी 'समग्र शिक्षा' योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळते. ते पटावर ठरते. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये. ३१ ते १०० असेल तर २५,०००. १०० च्या वर २५० पर्यंत ५०,०००. आमच्यासारख्या डोंगरी तालुक्यात वाडीवस्तीच्या शाळा बहुतेक पहिल्या गटात बसतात. म्हणजे १०,००० रुपये. त्यात खडू, रजिस्टरे, विजेचे बिल, पाणी, किरकोळ दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य, खेळाचे सामान, आणि निदान दहा टक्के, म्हणजे १,००० रुपये, स्वच्छतेवर खर्च करायचे. महिन्याला वाटून पाहा, ८३३ रुपये होतात. २८ मुलांची शाळा धरली तर एका मुलामागे वर्षाला ३५७ रुपये. आपल्यातली कोण बाई एवढ्यात घर चालवील? पण शाळा चालते. कशी चालते ते पुढे सांगते.

त्याआधी तीस आणि एकतीस यांच्यामधली पायरी बघा. तीस मुले असली तर दहा हजार. एक मूल वाढले तर पंचवीस हजार. खोल्या तेवढ्याच, छप्पर तेच, विजेचे बिल तेच. एका मुलाच्या नावावर पंधरा हजारांचा फरक. आणि ते एक मूल कोणते असते? कुणाची तरी मुलगी असते, जिला धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवले आहे. नाहीतर ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याची मुलगी, जी कोपीवर भाकऱ्या थापते आहे. आपण म्हणतो, एक पोरगी शाळेत गेली नाही तर शाळेचे काय अडते? छोट्या शाळेचे अडते. पुष्कळच अडते.

शिवाय पैसा येतो केव्हा? शाळा उघडते जूनच्या मध्यावर, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा. पण अनुदान जूनमध्ये हातात आहे असे मी तरी पाहिले नाही. कधी दिवाळीनंतर येते, कधी हप्त्याने, कधी मार्चच्या तोंडावर. २०२१ पासून केंद्राच्या योजनांचा पैसा एका नोडल खात्यातून फिरतो. शाळेचे खाते शून्य शिलकीचे. शाळेला पैसा मिळत नाही, खर्चाची मर्यादा मिळते, आणि वर्ष संपेपर्यंत खर्च झाली नाही तर ती परत जाते. म्हणजे जूनमध्ये कौल फुटले तर पैसे नाहीत, आणि मार्चमध्ये पैसे आले की आठ दिवसांत काहीतरी विकत घ्या.

मग जूनमध्ये शाळा कशी उघडते? मुख्याध्यापक किंवा एकुलती एक बाई असतील त्या, खिशातून घालतात. बाकीचे 'लोकसहभागा'तून होते. हा शब्द नीट ऐका. लोकसहभागातले लोक म्हणजे कोण? भिंत रंगवायला पुढारी रंगाचे डबे देतो, त्याच्या नावाची पाटी लागते. आणि झाडणे, सारवणे, पाणी भरणे, फाटलेल्या बस्करपट्ट्या शिवणे हे बायका करतात, त्याची पाटी लागत नाही. २०२४ पासून काही जणींच्या खात्यावर महिन्याला दीड हजार रुपये येऊ लागले. आमच्याकडे त्या वर्षी समितीच्या बैठकीत एक जण सहज बोलून गेले, आता काय, बायकांकडे पैसा आहे, शाळेच्या पंख्याची वर्गणी त्याच देतील! सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मला त्या हसण्याचा राग आला.

मैत्रिणींनो, शाळेच्या अंदाजपत्रकात जी तूट राहते ती अशी भरली जाते. बाईच्या श्रमातून आणि बाईच्या पदरातून. कुठल्याच कागदावर ती दिसत नाही, म्हणून शाळा १०,००० रुपयांत चालते असे वरच्यांना वाटते.

गणवेशाचेच घ्या. जूनच्या तयारीत आईच्या डोक्याला सगळ्यात मोठा घोर असतो तो गणवेशाचा. समग्र शिक्षातून एका मुलामागे दोन गणवेशांसाठी ६०० रुपये मिळतात. आधी सर्व शिक्षा अभियानात ४०० होते. म्हणजे एक गणवेश ३०० रुपयांत, कापड आणि शिलाई धरून. पहिलीतल्या मुलाच्या चड्डी-सदऱ्यालाही ३०० आणि सातवीतल्या मुलीच्या सलवार-कमीज-ओढणीलाही ३००. कापड कुणाला जास्त लागते हे ठरवणाऱ्यांना ठाऊक नसेल, शिवणाऱ्या बाईला विचारले असते तर तिने सांगितले असते. वरचे पैसे कोण घालते? मुलीची आई. आणि नाही घालता आले तर मुलगी तोकडा कमीज ओढत वर्गात बसते, आणि एक दिवस येईनाशी होते.

२०२४-२५ मध्ये सरकारने ठरवले की गणवेश राज्यभर एकच आणि एकाच ठिकाणाहून. कापड मध्यवर्ती खरेदीतून, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या मार्फत बचत गटांकडून. दुसऱ्या गणवेशाचे कापड शाळांना देऊन स्थानिक बायकांकडून शिवून घ्यायचे, त्यासाठी शिलाईचे १०० रुपये आणि वरखर्चाचे १०. ऐकायला किती छान! बायकांना काम, मुलांना कपडे. प्रत्यक्षात काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. पंधरा ऑगस्ट कित्येक शाळांनी जुन्याच कपड्यांत साजरा केला. आले ते कुणाला ढगळ, कुणाला तोकडे. आया शाळेत जाऊन भांडल्या. कुणाशी भांडल्या? शिवणाऱ्या बायकांशी. "कसले शिवता ग, माप तरी घ्यायचे!" आणि शिवणाऱ्या म्हणाल्या, "कापलेले कापड आमच्या हातात आले, मुलांची मापे नाहीत, शंभर रुपयांत दोरा आमचा, वीज आमची, मशीन आमचे." दोघी खऱ्या. दोघी एकाच वस्तीतल्या. एकीचे पोर दुसरीने शिवलेला सदरा घालणार. आणि ज्या टेबलावर शंभर रुपये हा आकडा ठरला, त्या टेबलाजवळ दोघींपैकी कुणीच नव्हती.

डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने ती पद्धत मागे घेतली आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाची खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली. हा निर्णय माझ्या मते योग्य. पण निर्णय समितीकडे आला म्हणजे आपल्याकडे आला असे समजू नका. समिती म्हणजे ओट्यावरची सही असेल, तर कापडाचा दुकानदार पुन्हा दुसरेच कुणी ठरवील. शिवायचा दर दुसरेच कुणी ठरवील.

आता शाळेच्या चुलीपाशी या. पोषण आहार शिजवणारी आपलीच बाई असते, बहुधा विधवा, परित्यक्ता किंवा भूमिहीन. २००९ मध्ये केंद्राने तिचे मानधन महिना १,००० रुपये ठरवले. महाराष्ट्राने त्यात भर घातली, तरी २०२३ मध्ये ते २,५०० पर्यंत आले. तेही वर्षाचे दहा महिने. उन्हाळ्याच्या सुटीचे नाही. म्हणजे ज्या जूनमध्ये तिला आपल्या स्वतःच्या पोरांच्या वह्या घ्यायच्या असतात, त्या जूनमध्ये तिच्या हातात शाळेचा पैसा नसतो. पण शाळा उघडायच्या आधी भांडी घासायला, तांदूळ निवडायला, कोठीतले उंदीर हाकलायला तिला यावेच लागते. तिला कामगार म्हणत नाहीत, 'मदतनीस' म्हणतात. मजुरीला मजुरी म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. मान देऊन धन कमी करायची ही युक्ती आहे. अंगणवाडीच्या, आशाच्या बायका ती चांगली ओळखून आहेत.

आणखी एक रुपया सांगते, फक्त एक. १९९२ मध्ये राज्यात उपस्थिती भत्ता सुरू झाला. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्त घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दररोज १ रुपया. हेतू असा की मुलगी घरकामाला राहण्याऐवजी शाळेत यावी. त्या वेळी त्या रुपयाला थोडी किंमत होती. तीस वर्षे उलटून गेली तरी तो रुपयाच राहिला. या काळात आमदारांचे भत्ते किती वेळा वाढले याचा हिशेब तुम्हीच करा. मुलीच्या हजेरीची किंमत गोठवून ठेवली, कारण ती वाढवा म्हणून ओरडणारे कुणी नव्हते. दलित, आदिवासी, भटक्या घरातली सात वर्षांची मुलगी मोर्चा काढत नाही. तिच्यासाठी आपण काढायला हवा होता. आपल्या संघटनांनीही तो वेळेवर काढला नाही, हे म्हटले पाहिजे.

कुणी म्हणेल, हा शिक्षणाचा प्रश्न झाला, बायकांच्या चळवळीने त्यात का पडायचे? माझे उत्तर सरळ आहे. ऐपत थोडी बरी झाली की घरातला मुलगा पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातो आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत राहते. दलित-आदिवासी-मजुरांची मुले आणि सगळ्या जातींतल्या मुली, हा आजच्या वाडीवरच्या शाळेचा पट आहे. त्यामुळे या शाळेच्या अंदाजपत्रकातला प्रत्येक रुपया हा आधी मुलींचा रुपया आहे. तो कापला की मुलीचा कापला.

आणि तो कापून भागले नाही की शाळाच बंद करायची भाषा येते. २०१७ च्या अखेरीस राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करायचे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे पत्र निघाले. मोठी शाळा, चांगली प्रयोगशाळा, वाहनाची सोय, असे सांगतात. असेल चांगली. पण मधे ओढा आहे, रान आहे आणि जीप एक दिवस येते, चार दिवस येत नाही. मुलगा चालत जाईल. मुलीला कोण पाठवील? शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे आहे. ते अंतर नुसते रस्त्याचे नसते. आईने किती अंतरापर्यंत मुलीला डोळ्यांआड करायचे, तेही त्यात आहे.

ही गोष्ट नवी नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडले होते की सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा म्हणून सांगितले, आणि २०२० च्या धोरणातही तोच ६ टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहिला. आकडा पुन्हा लिहावा लागतो याचा अर्थ तो गाठलेला नाही. ही मोठी लढाई आहे आणि ती आपण एकट्या लढू शकत नाही. पण वाडीवरच्या १०,००० रुपयांचा हिशेब आपण मागू शकतो. तिथून सुरुवात करू.

तर घरी जाऊन काय करायचे?

पहिले, या जूनमध्ये शाळा झाडायला जाल तेव्हा झाडून झाल्यावर बसून घ्या आणि रोजकीर्द मागा. सदस्य असाल तर तो तुमचा कायद्याने दिलेला अधिकार आहे. एकटीने जाऊ नका, चौघी जा. मास्तरांना चोर ठरवायला जायचे नाही. बहुतेक ठिकाणी मास्तर आणि बाई आपल्यासारखेच अडचणीत असतात. हिशेब समजून घ्यायला जायचे. सदस्य नसाल आणि दाखवत नसतील, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे.

दुसरे, ओट्यावर सही बंद. ठराव वाचला जाईल, समजेल, मग सही. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी वाचून दाखवायला सांगायचे. त्यात लाज आपल्याला नाही.

तिसरे, आपण शाळेला जे देतो ते लिहून ठेवा. किती बायका, किती दिवस, किती घागरी पाणी, किती वर्गणी. समितीच्या इतिवृत्तात ते नोंदवा. नोंदले नाही तर ते झालेच नाही असे धरतात, आणि पुढच्या वर्षीही १०,००० मध्ये भागते असे लिहितात.

चौथे, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे. जूनची तयारी जूनमध्ये करायची नसते. शाळेचा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत तयार व्हावा अशी अपेक्षा आहे. आपण जूनमध्ये गळक्या छपराखाली उभ्या राहून आरडाओरडा करतो, तेव्हा कागद सहा महिन्यांपूर्वीच वर गेलेला असतो. तेव्हा डिसेंबरात बैठक लावा. मुलींचे स्वच्छतागृह, त्यात पाणी, आतून लागणारी कडी, छप्पर, गणवेशाचा आणि शिलाईचा खरा दर, सगळे त्यात घाला.

पाचवे, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. ती कागदावर होऊ देऊ नका. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला आणि बालकल्याणासाठी असतो, त्यातून शाळेतल्या मुलींसाठी काय होणार ते तिथे विचारा. २०२२ पासून बऱ्याच जिल्हा परिषदांवर कित्येक वर्षे प्रशासक होते, विचारायला निवडून दिलेली बाई सभागृहात नव्हती. अशा वेळी गावातली सभाच आपले सभागृह.

आणि शेवटचे, ते स्वतःला सांगायचे. घरातल्या यादीवर काट मारताना पेन मुलीच्या दप्तरावर थांबते का, ते बघायचे. सरकारचे अंदाजपत्रक तपासायला निघालेल्या बाईने आपलेही तपासले पाहिजे. मी गेल्या वर्षापासून माझे तपासते आहे. यंदा दप्तर मुलीला नवीन आले. छत्री अजून एकच आहे, दोघांत मिळून.

आमच्या शाळेची रोजकीर्द आम्ही चौघींनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "यात पाहण्यासारखे काही नाही हो, पैसेच नाहीत." आम्ही म्हटले, "मग तेच पाहायचे आहे." त्या वर्षीच्या आराखड्यात पहिल्यांदा मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी लिहिली गेली. कडीच. पण ती आम्ही लिहायला लावली होती, आणि ती बसली.

येत्या डिसेंबरात तुमच्या शाळेच्या आराखड्यात काय लिहिले गेले, ते ऐकायला मी पुन्हा येईन. कागद घेऊन या.

जिंदाबाद!